ती लाईट खाली घे

2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि गावभाग, मारुती चौक, शामरावनगर आठवडाभर पाण्यात बसलं. पाणी उतरल्यावर लोकांनी आधी घरातला गाळ काढला, मग भिजलेल्या गाद्या रस्त्याकडेला टाकल्या, मग सातबारे आणि शाळेचे दाखले दोरीवर वाळत घातले. लग्नाच्या कॅसेटची आठवण सगळ्यात शेवटी झाली. माझ्या दुकानात पहिली पिशवी आली ती सप्टेंबर उजाडल्यावर. आतून कुबट वास, आणि देणाऱ्याचा एकच प्रश्न, ‘हे आता चालंल काय ओ?’

जुन्या व्हीएचएस कॅसेटमधलं शूटिंग पेन ड्राइव्हवर उतरवून देणं हा माझा जोडधंदा. एरवी वर्षाला पन्नास-साठ कॅसेटी येतात, त्या दोन महिन्यांतच तेवढ्या आल्या. भिजलेली कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर कॅसेटही जाते आणि मशीनही. खालचे पाच स्क्रू काढायचे, झाकण अलगद उचलायचं, दोन्ही रिळं हातात घ्यायची. अर्ध्या इंचाची फीत, तीन तासांच्या कॅसेटला अडीचशे मीटरच्या वर. तिच्या कडेवर पुराच्या गाळाची तपकिरी रेघ आणि त्याखाली कपाटातल्या जुन्या बुरशीची पांढरी भुकटी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रिळं बुडवून हळूहळू फिरवत धुवायची, सावलीत निथळू द्यायची, मग दुसऱ्या रिकाम्या खोक्यात बसवायची. आणि चालवायची एकदाच. दुसऱ्या खेपेला फीत टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून पहिल्याच फेरीला रेकॉर्डिंग लावून मी समोर बसतो आणि परक्या माणसांची लग्नं अक्षता ते पाठवणी अशी पुरी बघतो.

त्या पावसाळ्यात अशी पन्नासेक लग्नं बघितली. त्यातली निम्मी आमच्या अण्णाकाकांनी काढलेली होती, आणि त्यातल्या बऱ्याच लग्नांत हॅलोजन धरून मी उभा होतो.

अण्णा म्हणजे गावभागातले शूटिंगवाले. खांद्यावर पॅनासॉनिकचा एम-9000, कमरेला बॅटरी, आणि मागे वायरचं भेंडोळं सांभाळत मी. वय वर्षं बारा-तेरा. हजार वॉटचा हॅलोजन डोक्याच्या वर धरायचा. दहा मिनिटांत हात भरून यायचे. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांवर ओढून शिव्या घालायच्या, पाखरं येऊन काचेवर भाजायची, आणि नवरीच्या कपाळावरचा घाम मुंडावळ्यांत उतरायचा. अण्णांना त्याचं काही नसायचं. त्यांना फ्रेम उजळ हवी असायची.

घरी मात्र हाच माणूस टीव्हीसमोर दोनशे पानी वही घेऊन बसायचा. गाणं लागलं की काकू गुणगुणायची, अण्णा लिहायचे. ‘बदामात चेहरा फिरतो. तीन सेकंद.’ ‘पान उलटतं तसा सीन बदलतो.’ ‘बाई तीनदा दिसते, मधली मोठी.’ गायक कोण, राग कोणता, शब्द कुणाचे, याची वहीत नोंद नाही. मुंबईत गाण्यात एखादी नवी करामत दिसली की सहा-आठ महिन्यांत ती सांगलीच्या मंगल कार्यालयात उतरायची. त्यामुळे त्या काळातल्या म्युझिक व्हिडिओंचा विषय निघाला की मला गायक आठवत नाहीत, नवरदेव आठवतात.

मी शाळेत जायला लागलो तेव्हा गाण्याचा स्वतःचा असा व्हिडिओ नव्हताच. गुरुवारी छायागीत, बुधवारी चित्रहार; दोन्हीकडे सिनेमातून कापून आणलेले तुकडे. हिरो-हिरॉइन झाडाभोवती का फिरतायत हे सिनेमा बघितलेल्यालाच ठाऊक. तरी वाड्यातली सगळी बिऱ्हाडं एका टीव्हीपुढे बसायची, आणि गच्चीवर एक जण अँटेना धरून ‘आलं का?’ म्हणून ओरडत असायचा. त्या अंधारातून 15 ऑगस्ट 1988 ला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आलं. मी सहा वर्षांचा होतो. धबधब्यापाशी उभे असलेले भीमसेन जोशी दिसले की आजोबा पाय खाली घेऊन सावरून बसायचे. त्यांचं कारण आमच्या गावचं होतं. भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व, आणि त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना माती मिळाली. म्हणजे देश जोडणारा तो पहिला सूर मूळचा इथला, पलीकडच्या स्टेशनाचा, असं आजोबांचं गणित. हे गाणं अशोक पत्कींच्या चालीवर बांधलंय हे मला पुढे कळलं, तेव्हा आजोबा नव्हते.

आता ते परत बघताना सुरांपेक्षा वेगळंच काहीतरी खुपतं. त्यात कुणीच काही विकत घेत नाही. दुकान नाही, मोटारीची मिजास नाही. आहे ती आगगाडी, हत्ती, समुद्र, आणि कलकत्त्याची मेट्रो, जी 1984 साली सुरू झालेली देशातली पहिली आणि तेव्हाची एकुलती एक. सरकारला देश जसा दिसायला हवा होता तसा तो पडद्यावर उभा आहे. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून. आमच्या शाळेच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी भिंतींना जसा चुना लागायचा तसा. मला ते गाणं आजही आवडतं, पण तो चुना दिसतो.

मग सात वर्षांत सगळंच उलटं झालं.

1991 साली आर्थिक धोरण बदललं, आकाशातून वाहिन्या उतरायला लागल्या. गल्लीतल्या केबलवाल्यानं एका गच्चीवर छत्री बसवली आणि कौलांवरून काळ्या वायरी घरोघर नेल्या. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं. बिद्दूचं संगीत, केन घोषचं दिग्दर्शन. त्यात एक राजकन्या आहे, तिच्यासाठी नाना देशांचे उमेदवार आहेत, ती कुणालाही होकार देत नाही, आणि शेवटी एका लाकडी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो. उघड्या अंगाचा. आमच्या घरात त्या क्षणी काकू भाजी बघायला उठायची आणि दारातून बघायची.

त्या पेटीवर मी बराच विचार केलाय. माझ्या लहानपणी पेटीतून येणारी गोष्ट म्हणजे परदेशी गोष्ट. दुबईला गेलेल्या माणसानं आणलेला टेपरेकॉर्डर, त्याच्या खोक्यासकट कपाटावर वर्षानुवर्षं ठेवलेला, खोक्यावरचं ‘मेड इन जपान’ पुढे करून. आदल्याच वर्षी सुष्मिता सेन विश्वसुंदरी झाली होती आणि ऐश्वर्या राय जगतसुंदरी. आता पेटी तशीच, शिक्का मात्र आपला, आणि आत माल म्हणून माणूस. तोही पुरुष, आणि निवडणारी बाई. उदारीकरणावर तेव्हा वर्तमानपत्रांत अग्रलेख येत होते, आमचे आजोबा ते मोठ्यानं वाचायचे, घरात कुणाला कळायचे नाहीत. पेटी मात्र सगळ्यांना कळली.

इतकी कळली, की 1997 च्या मे महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका नवरदेवानं अण्णांकडे पेटीचा हट्ट धरला. तो एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथं मशीनचे सुटे भाग ज्या खोक्यांतून यायचे त्यातलं माणसाएवढं एक त्यानं मिळवलं. कार्यालयाच्या मागच्या अंगणात खोकं उभं केलं, आत नवरदेव सफारीत, फेटा बांधून. उघड्या अंगानं येण्याचा त्याचा बेत होता, तो त्याच्या आईनं हाणून पाडला. मी धूर करायला होतो. धूर म्हणजे घमेल्यात ऊद आणि ओला पालापाचोळा. अण्णा ‘हं, आता!’ म्हणाले, मित्रांनी फळी ओढली, आणि नवरदेव रुबाबात पाऊल टाकायला गेला तो खिळ्यात सफारीची विजार अडकून गुडघ्यापासून वर टर्रकन फाटली. मागनं कुणीतरी ओरडलं, ‘मेड इन कुपवाड!’ पुढचा अर्धा तास नवरदेव कार्यालयाच्या मॅनेजरच्या पँटीत होता. अण्णांनी तो तुकडा कॅसेटमध्ये ठेवला, फक्त फाटायच्या आधी थांबवला. धुरातून येणारा एक माणूस, पाऊल उचललेलं, तिथंच चित्र गोठलेलं आणि भोवती बदाम.

ही कॅसेट पुरानंतर माझ्याकडे आली नाही. ते लोक विश्रामबागला राहायला गेलेत, तिथं पाणी चढलं नाही. पण मला ती पाठ आहे. त्या गोठलेल्या चित्रात खोक्याच्या कडेला एक पिवळी पाटी दिसते, एसटीडी-आयएसडी-पीसीओ. पलीकडे टेकवलेली बजाज चेतक. जेवणाच्या पंगतीत स्टीलच्या तांब्यातलं पाणी. माईकवरून आहेर पुकारणारा माणूस. नवरदेवाला हे काही दाखवायचं नव्हतं. त्याला दाखवायचं होतं की आपण पेटीतून आलोय, नवे आहोत. 1997 साल मला पेटीत कमी सापडतं, त्या पाटीत जास्त.

दलेर मेहंदीच्या ‘तुनक तुनक तुन’चा किस्सा पुष्कळांना माहीत असेल. त्याच्या आधीच्या गाण्यांत देखण्या मुली नाचायच्या, आणि टीकाकार म्हणायचे गाणी त्यांच्यामुळेच चालतात. म्हणून 1998 साली त्यानं व्हिडिओत दुसरं कुणी ठेवलंच नाही. निळ्या पडद्यापुढे स्वतःच चार रंगांच्या कपड्यांत नाचला आणि चारी दलेर एका चौकटीत जोडले. अण्णांनी वहीत लिहिलं, ‘निळा पडदा.’ पडदा कुठला, काकूची निळी चादर. मागे स्वित्झर्लंडचा बर्फ टाकायचा होता. पण नवरदेव निळा शर्ट घालून आला, आणि तयार कॅसेटमध्ये आल्प्सच्या शिखरावर नुसतं एक मुंडकं, खाली दोन हात, असा प्रकार झाला. मुलीकडच्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं इफेक्ट आहे.

हसण्यावारी नेलं तरी त्यात एक गोष्ट खरी होती. तोवर स्वित्झर्लंडला जायला निर्माता लागायचा. आता चादर पुरत होती.

रीमिक्सचा काळ मला सगळ्यात गमतीचा वाटतो, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. 2002 साली ‘काँटा लगा’ आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मूळ गाणं 1972 च्या ‘समाधी’तलं, आर. डी. बर्मनचं, लता मंगेशकरांनी गायलेलं. रीमिक्सचा व्हिडिओ राधिका राव आणि विनय सप्रू यांनी केला, त्यात शेफाली जरीवाला, तेव्हाची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. सांगलीत त्यावरून जो गहजब झाला तो विचारू नका. दीनानाथांचं बिऱ्हाड इथलं, लतादीदींचं लहानपण इथलं, आशाबाईंचा तर 1933 चा जन्मच सांगलीचा. म्हणजे आमच्या माहेरवाशिणीच्या गाण्याची विटंबना, असा सूर. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ही आठवणसुद्धा एका गृहस्थांनी त्याच दमात करून दिली. नाट्यपंढरीत हे असलं चालणार नाही, म्हणाले. संध्याकाळी त्यांच्याच गल्लीतल्या गणपतीपुढे तेच गाणं लागलं होतं.

व्हिडिओतल्या मुलीच्या कपड्यांवर सगळे बोलले, गाणं पुन्हा बाजारात कसं आलं यावर कुणी बोललं नाही. मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षं झाली की ठरावीक मानधन भरून त्याची नवी आवृत्ती काढायला कॉपीराइट कायद्यात मोकळीक होती. 2012 च्या दुरुस्तीत त्या दोनाची पाच वर्षं झाली. म्हणजे नवी चाल बांधायचा खर्च नाही, ओळखीचं गाणं हाताशी, आणि पैसा उरतो तो व्हिडिओला. वाहिन्या चोवीस तास चालू आणि दाखवायला माल कमी. अशा वेळी जुनं गाणं नव्या पोरीच्या अंगावर चढणारच. संस्कृती वगैरे नंतर. आधी हिशेब.

आणि माहेरवाशिणीचंच काढायचं तर आशाबाईंनी त्याच्या पाच वर्षं आधी, चौसष्टाव्या वर्षी, लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ हा पॉप अल्बम काढला होता आणि त्याला एमटीव्हीचं बक्षीसही मिळालं होतं. त्यावर सांगलीत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. उलट कौतुक. वय झालेल्या बाईनं केलं तर उत्साह, पोरीनं केलं तर थिल्लरपणा.

त्याच सुमारास शुभा मुद्गलांचं ‘मन के मंजीरे’ लागायचं. त्यात मीता वसिष्ठ, मारझोड करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून ट्रक चालवायला लागलेली बाई. मागे हौद्यात बायका बसलेल्या, सगळ्या गात निघालेल्या. वैशाली सामंतचं ‘ऐका दाजिबा’ही हिंदी-इंग्रजीवाल्या वाहिन्यांवर मराठीतच वाजत होतं. आपली भाषा सबटायटलशिवाय तिथं ऐकू आली तेव्हा आम्ही पोरं टीव्हीचा आवाज वाढवून खिडकी उघडायचो, रस्त्यावर जावा म्हणून. त्या काळाची आठवण काढताना मात्र आमची पिढी एकटं ‘काँटा लगा’ काढते आणि मान हलवते. आपल्याला त्या वेळी काय बघायला आवडत होतं हे लपवायला काळाला नावं ठेवणं सोयीचं पडतं.

अण्णांनी वहीत त्या वर्षी काय लिहिलं ते सांगतो. ‘कॅमेरा हलतो. मुद्दाम.’ बस. तोवर त्यांच्या हातून कॅमेरा हलला की गिऱ्हाईक पैसे कापायचं.

2005 साली यूट्यूब निघालं आणि अण्णांच्या वहीचा धंदा संपला, कारण आता इफेक्ट लिहून ठेवायची गरज उरली नाही. गिऱ्हाईकच मोबाइल पुढे करून ‘असं पाहिजे’ म्हणायला लागलं. ‘गंगनम स्टाइल’ 2012 च्या जुलैत आलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात शंभर कोटी वेळा बघितलेला पहिला व्हिडिओ झालं. दोन वर्षांनी तर यूट्यूबचा आकडाच पुरेना. मोजणारा आकडा 2,14,74,83,647 च्या पुढे जाईल असं कुणाला वाटलंच नव्हतं, त्यांना तो बदलावा लागला. सेऊलमधल्या एका श्रीमंत भागाच्या भपक्याची ती टिंगल होती. आमच्याकडे ते गाणं हळदीत वाजलं तेव्हा कुणाला टिंगल कळली नाही, घोड्यावर बसल्यासारखं नाचायचं तेवढं कळलं. मला वाटतं तेच पुरेसं होतं. सेऊलचा भपका आणि आमच्या रिंग रोडवरच्या लॉन्सचा भपका यात फार अंतर उरलेलं नव्हतं.

2016 च्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’ आलं. अजय-अतुलनी ‘सैराट’चं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलं आणि चित्र मात्र करमाळ्याकडचं, उन्हानं रापलेल्या पोरांचं. पेटीतून कुणी यायची गरज नव्हती. आपल्याच वर्गातली पोरं आपल्यासारखीच वेडीवाकडी नाचत होती. त्या वर्षी मी ज्या ज्या लग्नात गेलो तिथं शेवटचा अर्धा तास त्या गाण्याचा. सप्टेंबरात जिओ आलं. ज्या पोरांनी वरातीत तो नाच केला त्यांच्याच खिशात तो काढायचा कॅमेरा आणि तो पाठवायचा डेटा आला. अण्णांनी दुकानाचं शटर माझ्या हातात दिलं ते त्याच दिवाळीत.

माझा भाचा आता प्री-वेडिंग काढतो. जोडपी घेऊन पहाटे हरिपूरच्या संगमावर, दंडोबाच्या डोंगरावर, नाहीतर थेट वाईला मेणवलीच्या घाटावर. तिथं सिनेमे झालेत म्हणून. ड्रोन वर जातो, नवरी पायऱ्यांवरून घोळदार झग्यात उतरते, खाली धुणं धुणाऱ्या बायकांना पाच मिनिटं बाजूला व्हायला सांगतात. एकदा मी बरोबर गेलो होतो. त्या बायका बाजूला झाल्या, पण धोपटणी तिथंच ठेवून. भाच्यानं संगणकावर ती पुसून काढली. मी म्हटलं, अरे राहू दे की. तो म्हणाला, ‘मामा, लूक बिघडतो.’

आणि आता चौकटच उभी झाली. टीव्हीची जुनी चौकट चारास तीन, जवळजवळ चौकोनी. तिच्यात नवरा-नवरी, दोन्हीकडचे आई-बाप, करवल्या आणि मागची मामांची रांग, सगळे दाटीवाटीनं मावायचे. अण्णा ‘सरका, सरका’ म्हणत कोंबायचे. मग सोळास नऊ आली, रुंद. तिच्यात दोघांच्या बाजूला निसर्ग मावायला लागला. रीलची चौकट नऊस सोळा. तिच्यात एक माणूस उभा राहतो, डोक्यापासून पायापर्यंत, आणि शेजारी कुणाला जागाच नाही. 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ देशभर वाजलं. त्याचा मूळ व्हिडिओ किती जणांनी पुरा बघितला असेल मला शंका आहे. आमच्या गल्लीतल्या पाच वर्षांच्या पोरीपासून तिच्या आजीपर्यंत प्रत्येकीचा मात्र स्वतःचा आहे. गुलाबी साडी, गच्ची, मागे पाण्याची टाकी. आजीच्या रीलमध्ये टाकीवर 2019 च्या पाण्याची रेघ दिसते. ती टाकी तेव्हा अंगणात होती, पुरानंतर वर चढवली. तिनं ती पुसायला कुणाला सांगितलं नाही.

पुरातल्या पिशव्यांकडे परत येतो.

ऑक्टोबरात एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, मारुती चौकाजवळच्या. त्यांचं लग्न डिसेंबर 1996 चं, शूटिंग अण्णांचं. कॅसेट बरीच बरी निघाली. सुरुवातीला फिरता गणपती, मग कमळ उमलून त्यात नवरीचा चेहरा, नवरी हनुवटीखाली हात ठेवून हिरव्या चुड्याकडे बघते. सगळं वहीबरहुकूम. मी फाइल करून दिली, त्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत.

‘दादा, पाठवणीच्या वेळचं गाणं काढता येईल काय? खालचा आवाज पाहिजे.’

मी विचारलं, कसला.

‘वडील बोलत्यात तिथं. हात हलतोय, तोंड हलतंय. काय बोलत्यात ऐकू येत नाही.’ वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या आवाजाचं घरात काही नव्हतं. तेव्हा कोण कुणाचा आवाज ठेवत होतं.

मला ते समजावून सांगायला जड गेलं. गाणं आवाजावर चढवलेलं नसतं, आवाज काढून गाणं बसवलेलं असतं. अण्णा दोन व्हीसीआर जोडून कॅसेट तयार करायचे. मांडवातला गलका, भांडणं, ‘वरण आण रे’, हे त्यांना नको असायचं; गिऱ्हाइकालाही नको असायचं. टीव्हीवरच्या गाण्यात असलं काही ऐकू येत नाही, मग आपल्या लग्नात कशाला? त्या वर्षीची गाजलेली गाणी एकापुढे एक बसवायची. आणि कोऱ्या कॅसेटला पैसे पडतात म्हणून मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला. 1996 साली काय वाजत होतं ते त्या फितीवर लख्ख आहे, कोण काय बोललं ते नाही.

बाईंनी मान हलवली. पण उठल्या नाहीत. म्हणाल्या, एकदा बघा तरी.

मी फाइल लावली. पाठवणी साडेसात मिनिटांची. एक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं. दोन्हींच्या मध्ये अण्णांचा हात चुकला होता. ऑडिओचं बटण दाबायला उशीर झाला असणार, कारण तिथं चारेक सेकंद गाणं नाही. आधी खरखर, मग मांडवाचा गलबला एकदम अंगावर येतो. बायकांचं रडणं, गाडीचा हॉर्न. चौकटीत नवरी आईच्या गळ्यात, आणि तिच्यामागे टोपी घातलेला माणूस कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघून हात हलवतोय. हेडफोन लावून मी तीन वेळा ऐकलं, मग काढून बाईंच्या कानाला लावला.

‘ए पोरा, ती लाईट खाली घे की. रडायलीय ती.’

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. चहा सांगितला होता तो येऊन गार झाला. मध्येच त्यांनी डोळे पुसत विचारलं, ‘मग घेतली होती काय त्या पोरानं लाईट खाली?’

मी पडद्याकडे बोट दाखवलं. चौकट हळूहळू अंधारते, नवरीचा चेहरा जवळजवळ दिसेनासा होतो, एवढ्यात दुसरं गाणं सुरू होतं आणि चित्र पुन्हा झगझगीत. अण्णांनी मागून माझ्या दंडाला चिमटा काढला होता.